सातवं पान

धाकट्या जावेच्या पिशवीत डबा ठेवायला थोरलीने चेन उघडली आणि तिच्या हाताला कागद लागला.

दुसऱ्याची पिशवी धुंडाळायची सवय आपल्याला नाही, हे तिने पुढे दिवसभरात स्वतःला निदान चार वेळा बजावलं. पण डबा आडवा ठेवायचा तर कागद सारायलाच हवा, आणि तीस वर्षं कागद वाचण्यावरच जिचं पोट भरलं तिने डोळे काय मिटून घ्यायचे? काल खालच्या सभागृहात मंजूर झालेल्या विधेयकाची ती छापील प्रत होती. आज दुपारी वरच्या सभागृहाच्या सदस्यांना वाटायची होती. थोरलीने सवयीने सातवं पान काढलं आणि पोटकलमांवरून बोट फिरवलं.

कलम नऊचं तिसरं पोटकलम तिथे नव्हतं.

काल याच पोटकलमावरून केवढं रामायण झालं होतं! जुन्या वस्त्या पाडून रस्ते रुंद करायचं ते विधेयक. विरोधी पक्षाने त्यात एक दुरुस्ती सुचवली: राहणाऱ्याला आधी दुसरं घर द्या, मग त्याच्या भिंतीला हात लावा. मतं समसमान पडली. अशा वेळी निकाल अध्यक्षांच्या एका मतावर लागतो, आणि खुर्चीतल्या माणसाने सहसा आहे ते तसंच राहू द्यायचं, असा रिवाज. काल अध्यक्षांनी रिवाज मोडला आणि दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं. सरकारी पक्षाची माणसं मतदानाला हाकून आणणं हे मुख्य प्रतोदाचं काम. तो तर बाकावर चढायचाच बाकी राहिला होता.

आणि आता ते पोटकलमच गायब? तेही धाकटीच्या पिशवीत?

"ताई, डबा झाला का? मी आज पुढे होते हं, लवकर बोलावलंय," धाकटी चपला घालता घालता म्हणाली. पिशवी उचलून ती निघूनही गेली. रोज दोघी एकाच बसने जात. थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच.

या दोघींची गंमत अशी, की थोरली खालच्या सभागृहाच्या, मंजूर मजकूर शब्दन् शब्द ताडून बघणाऱ्या ताडणी कक्षात आणि धाकटी वरच्या सभागृहाच्या नोंदणी कक्षात. एकच इमारत, दोन घुमट, मध्ये एक लांबच लांब दालन. खालच्या सभागृहात लोकांनी थेट निवडून दिलेले. तिथे बाकं बडवायची आणि आवाज चढवायचा. वरच्यात प्रांतांनी पाठवलेले. तिथे घसा खाकरून बोलायचं. खालच्यांना वाटतं देश आपण चालवतो, वरच्यांना वाटतं खालच्यांना आपण चालवतो. विधेयक एकीकडून दुसरीकडे जातं ते हातानेच. ताडणी कक्षाची मुख्य, म्हणजे थोरलीच, ते फितीत बांधून दालन ओलांडते आणि पलीकडच्या टेबलावर ठेवते. दोन्हीकडे शब्दन् शब्द सारखा मंजूर झाला, तरच ते राष्ट्रप्रमुखांच्या सहीला पुढे जातं. सासूबाईंना हे फार आवडलं होतं. घरात काही वाद निघाला की त्या म्हणत, "आधी दोघींचं जुळू दे, मग माझ्याकडे या."

बारा वर्षं जुळलंही होतं. पण दोन महिन्यांपूर्वी ठरलं, की दोन्ही सभागृहांच्या कागदांसाठी आता एकच संयुक्त कक्ष करायचा आणि त्याला प्रमुखही एकच. यादीत शेवटी दोनच नावं उरली. दोन्ही एकाच घरातली. सोमवारी निवड होती. तेव्हापासून दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलत होत्या, की सासूबाईंनाच काळजी वाटू लागली होती. जावाजावा हेवादावा ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

बसमध्ये थोरली एकेक गोष्ट आठवत गेली. काल संध्याकाळी ती वरच्या नोंदणी कक्षात डोकावली, तेव्हा प्रतोदाचा चिटणीस धाकटीच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला होता. तेल लावल्यासारखा गुळगुळीत माणूस. काम असल्याशिवाय तो कुणाशी चहासुद्धा प्यायचा नाही. थोरलीला पाहताच दोघं बोलायचे थांबले. घरी आल्यावर धाकटीने दार लावून फोन केला. जेवताना तिचं कशात लक्ष नव्हतं. म्हणजे पाणी इथेच मुरतंय तर! चिटणीसाने पद देऊ केलं, बाईंनी पान बदललं. कुणाचं घर पाडलं जाईल याची पर्वा हिला कशाला? थोरलीला राग आला आणि रागाखाली कुठेतरी बरंही वाटलं. हे बरं वाटणं तिने लगेच दडपून टाकलं.

अकरा वाजता ती खालच्या सभागृहाच्या सचिवांपुढे उभी होती. सचिव म्हणजे शांत माणूस. गेल्या पंचवीस वर्षांत त्यांनी सात अध्यक्ष पाहिले आणि एकाबद्दलही मत बनवलं नाही.

"लेखी देता?" त्यांनी विचारलं.

"देते."

"नाव घालून?"

थोरलीने पेनाचं टोपण काढलं. मग तिने लिहिलं: मंजूर प्रत आमच्या कक्षातून दुरुस्तीसह गेली असून सातवं पान वरच्या सभागृहाच्या नोंदणी कक्षात बदललं गेलं आहे. त्याखाली जावेचं नाव आणि स्वतःची सही. सचिवांनी कागद फाइलला लावला. "तीन वाजता वरचं सभागृह हे विधेयक घेणार आहे. त्याआधी मी पलीकडे बोलतो," ते म्हणाले.

एवढ्यावर तिने गप्प बसायचं. पण संशयाला पुराव्याची भूक असते. बारा वाजता ती दालन ओलांडून वरच्या नोंदणी कक्षात गेली. धाकटी जागेवर नव्हती. कपाट सांभाळणारे म्हातारे कारकून थोरलीला ओळखत होते.

"कालची मूळ प्रत बघायचीय? बघा की. तुम्हीच तर आणून दिलीत!"

तिने फीत सोडली आणि सातवं पान उचललं. तिसरं पोटकलम नव्हतंच. मात्र कोपऱ्यात हिरव्या शाईत तिचं स्वतःचं आद्याक्षर होतं. नक्कल केली असेल सटवीने, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात तिचा अंगठा पानाच्या वरच्या टोकाला लागला. तिथे घडीची बारीकशी रेघ होती. कोपरा दुमडून पुन्हा सरळ केलेला.

ही घडी तिने स्वतःच घातली होती.

मतं अटीतटीची असली की ताडणी कक्षात विधेयकाचे दोन संच आधीच तयार ठेवत. एक होकारी, दुरुस्ती मंजूर झाली तर. एक नकारी, पडली तर. दोन्ही मोठ्याने वाचून, बोट ठेवून ताडायचे आणि पानोपानी आद्याक्षर घालायचं, म्हणजे निकाल लागला की पाच मिनिटांत विधेयक पलीकडे. हे नियमात कुठे नव्हतं, पण सगळे करत. दोन संचांत फरक एकाच पानाचा. नकारी पान ओळखू यावं म्हणून त्याचा कोपरा दुमडायचा, ही थोरलीचीच युक्ती. काल ती फितीत संच बांधून तयार बसली होती, नकारी. कारण अध्यक्ष दुरुस्तीच्या बाजूने जातील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग तो गोंधळ, ती आरडाओरड, "लवकर, लवकर!" अशी घाई. तिने सातवं पान काढलं, कोपरा सरळ केला, आणि सातवं पान घातलं. काढलं तेच घातलं.

'आत्ता आणून देते,' असं कारकुनांना सांगून ते पान घेऊन ती दालनातून जवळजवळ धावतच आपल्या जागेवर आली. रद्दीच्या खणात, सगळ्यांत वर, होकारी पान तिची वाट बघत पडलं होतं. कलम नऊ, पोटकलम तीन, हिरव्या शाईतलं आद्याक्षर. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बरं, नुसता वळसा नव्हे, सहीनिशी तक्रार.

ती खुर्चीत बसली. तीस वर्षांत तिच्या हातून स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला नव्हता. सोमवारी निवड. हे पान आज रद्दीबरोबर यंत्रात गेलं तर कोण बघणार होतं? हा विचार तिच्या मनात आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. चांगला पाच मिनिटं तो तिथे बसून राहिला. मग तिला धाकटीचा सकाळचा चेहरा आठवला, आणि ती दोन्ही पानं घेऊन उठली.

सचिवांच्या खोलीत धाकटी आधीच बसली होती. थोरलीकडे तिने पाहिलंच नाही.

"या," सचिव म्हणाले. "बरं झालं आलात. प्रकरण मिटलं. यांनी स्वतःहून लिहून दिलंय."

त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी मांडले. एक थोरलीची तक्रार. दुसऱ्यावर धाकटीचं गोल अक्षर: मूळ प्रत लावताना माझ्या हातून सातवं पान बदललं गेलं, चूक सर्वस्वी माझी आहे.

"चूक वरच्या सभागृहाची असली, की त्यांचे सभापती आजच्या आज शुद्धिपत्र काढू शकतात," सचिव म्हणाले. "तीनला विधेयक दुरुस्तीसह घेता येईल. चूक आपली असती तर आपल्या अध्यक्षांचा नवा संदेश लागला असता, आणि आपलं सभागृह सोमवारपर्यंत उठलंय. सुटलो म्हणा. दोन्ही कागद अगदी जुळतात. जुळलं की आपण काय करतो? पुढे पाठवतो."

थोरली धाकटीकडे वळली. "तू माझा कागद वाचलास?" तिने धाकटीला विचारलं.

"वाचला." धाकटी टेबलाकडे बघत म्हणाली, "ताईंचं बरोबर आहे, साहेब. पाठवा."

पाठवा! एक शब्दही बोलायची गरज नव्हती. वस्तीतल्या लोकांची घरं वाचणार होती, तिचं नाव वाचणार होतं, सोमवारी पदही मिळणार होतं. फक्त गप्प राहायचं होतं.

"तो चिटणीस काल काय म्हणत होता?" थोरलीने विचारलं.

"म्हणाला, सुंठीवाचून खोकला गेला. पान आहे तसंच वाटा, संयुक्त कक्षाचं आम्ही बघतो." धाकटी पुढे म्हणाली, "मी प्रती वाटायच्या थांबवल्या. छापखान्याला फोन केला. पहिली प्रत तेवढी घरी घेऊन आले."

"मग मला का नाही सांगितलंस, बये?"

धाकटीने आता पहिल्यांदा मान वर केली. "सांगितलं असतं तर तुम्ही तडक येऊन कबूल केलं असतं. तीस वर्षांचं नाव एका पानापायी घालवलं असतंत. तुमचा स्वभाव काय मला ठाऊक नाही?"

थोरलीला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं. जिच्याबद्दल आपण सकाळपासून काय काय रचलं, ती आपल्याला इतकं सरळ समजत होती. रद्दीच्या खणाजवळची ती पाच मिनिटं हिला कधी कळू नयेत, असं तिला फार वाटलं.

तिने दोन्ही सातवी पानं टेबलावर ठेवली आणि घडीच्या रेघेवर बोट ठेवलं.

"साहेब, जुळत नाही. माझ्या कागदात दुरुस्ती आहे."

सचिवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि दोन्ही पानं पाहिली. "विधेयक आज जाणार नाही मग. आणि प्रतोद दोन दिवस थयथयाट करणार."

"करू दे. काल मतं मोजून झालीत. अध्यक्षांनी सोमवारी संदेश दिला की तिसरं पोटकलम आहे तिथे आहे."

"आणि सोमवारची निवड?"

"ती कुणाची व्हावी हे सांगायला मी कशाला हवी? तुम्ही दोन्ही कागद वाचलेच आहेत."

सचिवांनी कोरा कागद पुढे सरकवला. थोरलीने लिहिलं, कुठेही न खोडता. लिहून झाल्यावर तिने तो धाकटीपुढे ठेवला. ताडल्याशिवाय कागद पुढे जात नाही, हे दोघींना सांगायला नको होतं. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने बोट ठेवायचं.

"वाच," थोरली म्हणाली.

धाकटी वाचू लागली. "'नकारी संचातलं पान माझ्याच हातून फितीत गेलं. वरच्या नोंदणी कक्षाची यात काहीही चूक नाही. माझी सकाळची तक्रार खोटी आहे, आणि जिने बारा वर्षं माझ्यावर विश्वास ठेवला तिच्यावर एका सकाळीत मी...'" ती थांबली. "ताई, हे वाक्य सरकारी कागदात बसत नाही."

"बसव," थोरली म्हणाली.

सचिव खिडकीबाहेर पाहू लागले. धाकटीने ते वाक्य शेवटपर्यंत वाचलं, हिरव्या शाईचं पेन मागून घेतलं आणि पानाच्या कोपऱ्यात आपलं आद्याक्षर घातलं.