एक नंबर मोठी चप्पल

नंबर सहा

टाळ्या! पुन्हा टाळ्या! सभागृहात मुंगी शिरायला जागा नाही, आणि व्यासपीठावर पुडीबाबा एका म्हातारबुवांचा सुजलेला पाय ढालीसारखा उंचावून गर्दीला दाखवतोय.

"महिन्यापूर्वी बीपी एकशे ऐंशी, आज एकशे चोवीस! गोळी खाल्ली?"

"नाही!"

"मग काय खाल्लं?"

"पुडी!"

"आणि जन्मभर गोळ्यांचं साठलेलं विष गेलं कुठे? खाली! पाण्यासारखं खाली! पाय सुजले? अभिनंदन!"

ज्यांचे पाय अजून सुजले नव्हते ते ओशाळून जादा पुड्या मागत होते. आजारालाच बक्षीस समजायला लावण्याइतका कोडगेपणा सगळ्यांना जमत नाही. बाबाला जमला होता.

समोर चपलांचं दुकान. दुकानदाराचा असल्या थोतांडावर काडीचा विश्वास नव्हता, पण त्याने तोंड उघडलं नव्हतं. धंदा तेजीत होता ना! सभेतून निघालेलं गिऱ्हाईक थेट त्याच्या पायरीवर येई आणि म्हणे, "एक नंबर मोठी दाखवा."

नंबर सात

मग त्याची थोरली बहीणच आली. कपडे शिवून दोन मुलांना शिकवलेली, कुणाचं न ऐकणारी.

"सहाची रुततेय रे. सातची काढ."

"ताई, साठीत पाय वाढतात होय?"

"वाढत नाहीत, विष उतरतंय. तुला नाही कळायचं."

"आणि डॉक्टरबाईंची गोळी? सोडलीस?"

"वेडी आहे का मी? सकाळी गोळी, संध्याकाळी पुडी. दोन्हीकडून फायदा."

"डॉक्टरबाईंना सांगितलंस?"

"त्यांना कशाला? उगाच ओरडतील."

त्याने मान हलवली आणि सातची काढून दिली. एवढंच केलं त्या शहाण्याने.

सात, तीही घट्ट

चौथ्या दिवशी ताई शिलाई मशीनवरून उठली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळली. कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आदळलं. दवाखान्यात तीन टाके पडले. डॉक्टरबाईंनी दंडाला बीपीचा पट्टा बांधला.

"वरचं बीपी फक्त पंच्याऐंशी! बाई, थोडक्यात वाचलात. दुसरं काय घेता?"

"काही नाही."

डॉक्टरबाईंनी घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, भरेचना.

"मी दिलेल्या गोळीने पाय असे सुजत नाहीत. बीपीचीच एक वेगळी गोळी आहे, तिने सुजतात. ती कोण देतंय तुम्हाला?"

ताई भिंतीकडे बघू लागली.

"पुडी," तिला घेऊन आलेला दुकानदार म्हणाला. आणि मग त्याचा चेहराच पडला. "डॉक्टरबाई, महिन्याभरात चाळीसेक जणांनी एक नंबर मोठी चप्पल नेली. सगळे त्या सभेतले. दोन्ही पाय सारखे सुजलेले. आणि मी गाढव, खूश होऊन विकत बसलो!"

"पुडी आहे घरी?"

"दोऱ्यांच्या डब्यात," ताई पुटपुटली.

पुड्या तपासणीला गेल्या.

अनवाणी

अहवाल आला त्या दिवशी तिघं सभागृहात शिरले. चपला दाराबाहेर, आत सुजलेल्या पायांच्या रांगाच रांगा.

"एकवीस दुर्मीळ वनस्पती!" बाबा गरजत होता.

"वाळका पाला," डॉक्टरबाईंनी वाचायला सुरुवात केली, "हळद, आणि दळलेल्या बीपीच्या गोळ्या. ज्यांना हा विष म्हणतो, त्याच. एका पुडीत अर्धी, दुसरीत तीन. दळताना मापसुद्धा धरलेलं नाही."

"तपासणीच्या यंत्राला श्रद्धा नसते!" बाबा ओरडला.

"म्हणून तर ते खोटं बोलत नाही."

कपाळाला पट्टी बांधलेली ताई पुढे झाली. "बाबा, एवढं निर्मळ आहे ना? आमच्यासमोर तीन पुड्या खा."

"आज... आज माझा उपवास आहे."

"पुडीने कसला मोडतोय उपवास? गिळायला पाणी मी देते की!"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबाने मागचा दरवाजा गाठला, तर तिथे दुकानदार उभा. डॉक्टरबाईंनी बोलावलेले पोलीस येईपर्यंत तो हलला नाही. महिनाभर गप्प बसल्याची भरपाई तेवढ्याने होत नाही, हे त्याला कळत होतं.

म्हातारबुवा रडकुंडीला आले. "मग माझं बीपी उतरलं ते खोटं?"

"अगदी खरं, आजोबा. गोळीनेच उतरलं. या भामट्याने फक्त तिचं नाव पुसलं आणि पाय सुजले त्याला चमत्कार म्हटलं."

"मग आता?"

"पुडी आजच बंद. पण दोन-चार दिवसांत बीपी पुन्हा चढेल, म्हणून उद्या सकाळीच दवाखान्यात या. ज्यांना आत्ता चक्कर येतेय, छातीत दुखतंय किंवा धाप लागतेय, त्यांनी आत्ताच चला. घरात जे जे तोंडात टाकता ते सगळं पिशवीत घालून आणा. पाय सुजले, कोरडा खोकला लागला, उठताना गरगरलं, तर लाजू नका, सांगा. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. पण मनाने सुरू करू नका, मनाने बंद करू नका, आणि एकाच्या जोडीला दुसरं चोरून घेऊ नका."

"तुम्ही ओरडता म्हणून सांगत नाही आम्ही," ताई म्हणाली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही ओरडणार. पण तुम्हीही जे गिळता त्यात काय आहे, हे मला, बाबाला, कुणालाही तोंडावर विचारा. ज्याला त्या प्रश्नाचा राग येतो, त्याच्या हातचं काही खाऊ नका."