झाकलेल्या ओळी

ग्लेनिस टास्करने सरकारी भत्त्याचं पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं आणि जाड काळ्या पेनाने एकेक ओळ गाडून टाकली. महिन्याला किती मिळतात ती ओळ गेली. भाड्याला किती, ती गेली. भत्त्याचं नावसुद्धा गेलं. स्वतःचं नाव आणि पत्ता तेवढा ठेवला. नावाला एकसष्ट वर्षांत बट्टा लागू दिला नव्हता, ते कशाला झाकायचं?

पत्र कॉलेजात दाखवायचं होतं. भत्त्यावर जगणाऱ्याला फी माफ होते, पण पुरावा लागतो. कोर्स होता आजारी माणसांची देखभाल करायचा. तिचा नवरा रॉन अर्धांगाने सहा वर्षं अंथरुणाला खिळला होता. त्याला उचलणं, पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं, सगळं हिनेच केलं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. पण वृद्धाश्रमाची मॅनेजरबाई म्हणाली, सर्टिफिकेट आणा, जानेवारीपासून नोकरी देते. रॉनने काही सर्टिफिकेट दिलं नव्हतं. तो गेल्या हिवाळ्यात गेला.

फी साडेसहाशे पौंड. तेवढे घरात नव्हते. नाव नोंदवायचा आज शेवटचा दिवस, तोही चार वाजेपर्यंत.

आणि कॉलेजच्या खिडकीवर बसायची कर्स्टी. पोलिनची मुलगी.

ग्रिम्सबीच्या गोदीवर ग्लेनिस आणि पोलिन बावीस वर्षं एका टेबलावर उभ्या राहून मासे कापत होत्या. पोलिनच्या नवऱ्याचं काम सुटलं, घरात भत्ता सुरू झाला, तेव्हा ग्लेनिस सगळ्यांदेखत म्हणाली होती, "पोलिन, आज तुझ्या घरचा रस्सा माझ्या पगारातून कापलेल्या करातला बरं का. मीठ नीट घाल." अख्खं टेबल हसलं. पोलिनही हसली. पुढच्या सोमवारी तिने दुसरं टेबल मागून घेतलं.

दुपारी खिडकीपलीकडे कर्स्टीने पत्र उजेडाकडे धरून पाहिलं.

"हे कोणी केलं?"

"मी. माझं नाव आहे त्यात, पत्ता आहे. बाकीचं कॉलेजला काय करायचंय?"

"मिसेस टास्कर, बाकीचंच तर बघायचं असतं. खाडाखोड केलेला कागद मला घेता येत नाही."

"खाडाखोड नाही पोरी, झाकलंय. बाथरूमचं दार लावून घेतो तसं."

मागे रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. कर्स्टी हसली नाही. तिने पत्र परत सरकवलं. "नवं पत्र आणा. नाहीतर फोनवर तुमचं भत्त्याचं खातं उघडून मला इथे दाखवा. तेही चालतं."

ग्लेनिस जिन्याजवळच्या बाकावर जाऊन बसली. गुडघे ठणकत होते. घड्याळात सव्वादोन. खात्याचा पासवर्ड मुलीकडे, आणि मुलगी लोर्ना गोदामात कामावर, अडीचला चहाला सुटेपर्यंत फोन कुलपात. ग्लेनिसने पिशवीतलं सँडविच काढलं, अर्धं खाल्लं, अर्धं परत गुंडाळलं. बरोबर अडीचला फोन लावला.

"आई, तू काय केलंस म्हणालीस?"

"झाकलं."

"सगळं?"

"नाव ठेवलं की."

लोर्ना म्हणाली, "नाव बघून कोण फी माफ करतं, आई? तू काय राणी आहेस?"

"जीभ आवर. पासवर्ड सांग."

"रॉन, आणि पुढे बाबांचं जन्मवर्ष. दाखव त्या मुलीला आणि मोकळी हो. तिला काय पडलंय?"

"तिला नसेल. तिच्या आईला पडलेलं असेल."

"मग घरी ये. टीव्ही बघत बस. जानेवारीत मॅनेजरबाई दुसरीला घेईल."

ग्लेनिसने फोन ठेवला. पोरीला शेवटचा शब्द बोलू द्यायची ही पहिलीच वेळ.

पुन्हा रांग. मासे कापून वाकडी झालेली बोटं काचेवर नीट पडेनात. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा रॉनचं नाव आणि साल बरोबर पडलं आणि पान उघडलं. सगळं होतं त्यात. किती मिळतात, कशाचे किती कापले जातात, भत्ता देणाऱ्या जॉब सेंटरच्या कोणत्या भेटीला उशीर झाला, सगळं. तिने फोन खिडकीतून आत दिला आणि बाजूच्या भिंतीवरच्या आगीच्या सूचना वाचत उभी राहिली.

कर्स्टीने एक तारीख पाहिली, एक आकडा पाहिला, संगणकावर दोन बटणं दाबली आणि फोन परत दिला. माशाचं वजन बघायला लागतो त्याहूनही कमी वेळ लागला.

"झालं. फी माफ. इथे सही करा."

"एवढंच?"

"एवढंच. सकाळपासून साठ झाले."

ग्लेनिसने सही केली. एवढं जिवापाड झाकलेलं, आणि बघणारीला जांभई आवरत नव्हती.

"तुम्ही आईबरोबर गोदीवर होतात ना?" कर्स्टी कागद लावता लावता म्हणाली. "ती सांगते तुमच्याबद्दल."

"काय सांगते?"

"सुरीपेक्षा तुमची जीभ बरी चालायची म्हणे."

ग्लेनिसने वर्गांचं वेळापत्रक घडी करून पिशवीत टाकलं. वर्ग मंगळवारी सकाळी. जॉब सेंटरची भेटही मंगळवारी सकाळीच. म्हणजे उद्यापासून आता त्यांच्या मागे लागायचं, दिवस बदलून द्या म्हणून.

ती वळली, पुन्हा खिडकीशी आली.

"तुझ्या आईला सांग."

"काय सांगू?"

मागचा माणूस घसा खाकरत होता. ग्लेनिस काळ्या ओळींचं ते पत्र हातात चुरगाळत उभी राहिली.

"सांग, ग्लेनिस इथे आली होती. फी माफ करून घ्यायला." तिने पिशवी खांद्यावर घेतली. "कशाने माफ झाली, तेही सांग."