गोरक्षच्या गाड्या

सिडकोतल्या त्या घरात टीव्हीच्या वरच्या फळीवर गाड्यांची रांग उभी होती आणि त्या सगळ्या गोरक्षने केलेल्या आहेत, हे अख्ख्या कॉलनीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त गोरक्षला आणि त्याच्या बायकोला, मीनाला.

सुरुवात झाली ती दिनेशमुळे. दिनेश म्हणजे गोरक्षचा धाकटा भाऊ, बोटीवर नोकरीला. सत्त्याण्णव साली सुट्टीवर आला तेव्हा सिंगापूरहून त्याने भावासाठी एक डबा आणला. डब्यावर लालचुटूक गाडीचं चित्र. आत गाडी नाहीच. प्लास्टिकच्या जाळीला लटकलेले शे-दीडशे तुकडे, गोंदाची ट्यूब आणि कशाला काय जोडायचं त्याचा जपानी कागद. "दादा, लहानपणी गाड्यांमागं पळायचास ना? आता बस जोडत," दिनेश म्हणाला.

गोरक्ष एक रविवार बसला. संध्याकाळपर्यंत त्याने पुढच्या काचेवर गोंदाचा अंगठा उमटवला, एक चाक उलटं चिकटवलं आणि "हे माणसाचं काम नाही" म्हणत डबा माळ्यावर टाकून दिला.

दिवाळीच्या साफसफाईत मीनाने तो खाली काढला. फेकायलाच काढला होता. पण फेकण्याआधी बघू तरी, म्हणून तिने नेलकटरने एक तुकडा जाळीतून सोडवला. तो आरसा निघाला, ज्वारीच्या दाण्याएवढा. मग दुसरा तुकडा. मग फेकायचं राहून गेलं.

मुलगी निकिता शाळेत, गोरक्ष अंबडच्या कंपनीत आणि सासूबाई, मालनबाई, बाहेरच्या खोलीत पंख्याखाली आडव्या, एवढा तुकडा दिवसातून मीनाच्या वाट्याला यायचा. स्वयंपाकघराचं दार ओढून ती पाटावर काम मांडायची. जुन्या मसाल्याच्या डब्याच्या वाट्यांत तुकडे निवडून ठेवलेले. कडा पॉलिश पेपरने घासायच्या, गोंद काडीच्या टोकावर घ्यायचा. काचेवरचा नवऱ्याचा अंगठा तिने टूथपेस्ट लावून चार दुपारी घासला, तेव्हा गेला. खिडकी मात्र बंद ठेवायची. वारा आला की गोंदाचा वास बाहेरच्या खोलीत जायचा, आणि म्हातारी उठली की विचारणार, काय चाललंय? म्हणून ऐन उन्हाळ्यातही मीना त्या बंद खोक्यात घामाघूम होऊन बसायची, भांडं वाजू न देता.

गाडी झाली. टीव्हीवर ठेवली. "अरे, झाली की!" गोरक्ष म्हणाला, जशी काही ती आपली आपणच झाली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मंगलाबाई आल्या. "अगंबाई, कोणी केली हो ही?"

"आमच्या गोरक्षनं," मालनबाई म्हणाल्या. "दुसरं कोण करनार?"

मीना चहा घेऊन दारात उभी होती. तोंड उघडलंही होतं. पण तिला पुढचा प्रश्न ऐकू आला: तुला बरा एवढा वेळ मिळतो गं? त्या प्रश्नाने आजवर तिचा शिवणक्लास खाल्ला होता, वाचनालय खाल्लं होतं. तिने तोंड मिटलं आणि कप पुढे केला. गोरक्षही काही बोलला नाही. त्याला कौतुक गोड लागलं, हिला दुपार गोड लागत होती. असा तो सौदा न बोलता पटला.

पुढे दिनेश दर सुट्टीला डबा आणत गेला, अर्थातच दादासाठी. कोणती गाडी आणू, असं फोनवर विचारायचा तेव्हा मीना गोरक्षच्या दुसऱ्या कानाशी उभी राहून कुजबुजायची. फळी भरत गेली. पाहुणे यायचे, गोरक्षच्या बोटांची तारीफ करायचे आणि मीनाला म्हणायचे, "वहिनी, तुम्हाला पुसायला त्रास होत असेल नाही?" ती हसायची. ते हसू तिला हळूहळू जड व्हायला लागलं होतं. पण आता खरं सांगायचं म्हणजे इतक्या वर्षांचं सगळंच सांगायचं, आणि दुपारवर पाणी सोडायचं.

मग गोरक्षच्या गाड्यांची कीर्ती कंपनीतल्या गायधनी साहेबांच्या कानावर गेली.

गोरक्ष त्या दिवशी घरी आला तो चप्पल न काढताच स्वयंपाकघरात. "मीना, मेलो. साहेबांकडे एक डबा आहे, पुतण्याने विलायतेतून पाठवलेला. त्यांच्या वडिलांकडे होती तशीच गोल पाठीची जुनी गाडी. मला म्हणाले, तू जोड."

"मग आणा की. जोडते."

"येत्या रविवारी ते स्वतः येणारेत. बसून बघणारेत!"

मीनाची तव्यावरची पोळी करपली.

पुढचे पाच दिवस कंपनीतून आल्यावर गोरक्षची शिकवणी. मालनबाई देवळात गेल्या की दोघं पाटाशी गुडघ्याला गुडघा लावून बसायची. दिनेशच्या शेवटच्या डब्यातली गाडी अर्धवट होती, तीच पुढ्यात.

"नीट ऐका. मी आधी कड घासून घेते. गोंद अर्धाच थेंब घेते. श्वास धरते, मग चाक टेकवते. दाबत नाही."

"एवढं सगळं? श्वाससुद्धा?"

"सुद्धा."

गोरक्षने ते पाढ्यासारखं घोकलं. अंघोळ करताना घोकलं, स्कूटर पुसताना घोकलं. बोटं जाड होती, पण माणूस जिद्दीला पेटला होता. तिने त्याचं मनगट धरून ठेवलं तेव्हा लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदाच तो तिच्या हाताकडे नीट बघत होता. शुक्रवारी त्याने एक चाक सरळ बसवलं आणि लहान पोरासारखा हसला. मीनाही हसली. रात्री मात्र तिला वाटलं, आपणच आपल्याला बाहेर काढतोय की काय. हा शिकला, तर पाट याचा. नाही शिकला, तर खोटं उघडं पडणार आणि दुपार सासूबाईंची. दोन्ही दारांना कडी.

रविवार उजाडला. गायधनी साहेब डबा पोटाशी धरून आले, देवाची मूर्ती आणावी तसे. कंपनीत ज्यांच्या आवाजाला सगळे टरकायचे, ते इथे खुर्चीच्या कडेवर बसले.

"बाबा पेठला डॉक्टर होते," ते म्हणाले. "सावळघाटात गाडी बंद पडली की आम्ही भावंडं ढकलायचो. घरी आले की ते ती खोलून बसायचे. हात लावू द्यायचे नाहीत, पण शेजारी बसू द्यायचे. तुम्ही तुमचं चालू द्या, मी फक्त बघतो."

मालनबाई कॉटवर लसूण सोलत होत्या. निकिता मैत्रिणीकडे गेलेली. मीना स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून. गोरक्षने नेलकटर उचलला, चाक सोडवलं. ठीक. पेपर घेतला. ठीक.

"हे कशासाठी?" साहेबांनी विचारलं.

गोरक्षने घसा साफ केला आणि तोंडपाठ सुरू केलं. "आधी मी कड घासून घेते. गोंद अर्धाच थेंब घेते. मग श्वास धरते…"

साहेबांनी मान वर केली.

गोरक्षला अजून कळलं नव्हतं. तो खरंच श्वास धरून बसला होता, आणि पुढचं आठवत नव्हतं. घामेजल्या चेहऱ्याने तो दाराकडे वळला. "मीना, श्वास धरल्यावर काय करते गं मी?"

मालनबाईंच्या हातातला लसूण सांडला. "आरं मर्दा, आता लुगडंबी नेस म्हंजे झालं!"

साहेब आधी गोरक्षकडे बघत राहिले, मग चौकटीकडे. "वहिनी, तुम्ही करता?"

उत्तर मालनबाईंनीच दिलं. "तीच करती. दुपारची. तिला वाटतं म्हातारी घोरती. त्या गोंदाच्या वासात मला कुठली आलीय झोप!"

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या गाडीपासून."

"मग ह्यांचं नाव का सांगत होता सगळ्यांना?"

"मग काय सांगू? सून दुपारभर खेळन्यातल्या गाड्या करती? त्या मंगलाबाईनं पार गावाकडं, सायखेड्यापर्यंत पोचवलं असतं. मी गोरक्ष गोरक्ष केलं म्हनून तुझी दुपार टिकली, कळलं का?"

मीना त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आता रडू येणार असं तिला वाटलं, पण आला तो राग. "इतकी वर्षं? अहो आई, मग खिडकी तरी उघडली असती मी!"

गोरक्ष फिसकन हसला आणि मग कान पकडून उठला. "बस बाई तू. साहेब, मला फक्त चाक येतं, तेही शुक्रवारपासून."

मीना पाटाशी बसली. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. गोरक्ष डाव्या खांद्याशी, मालनबाई उजव्या. "पंखा बंद करू का?" "उजेड पुरतोय का?" "त्यो तुकडा आधी घे, मोठा हाय." तिने काडी गोंदात बुडवली. अर्ध्याऐवजी अख्खा थेंब आला. बंद खिडकीमागे, घाम गाळत, कधी न चुकलेला हात! खोटं संपलं होतं आणि ती जास्तच कोंडली होती. आता रोज असंच होणार. मंगलाबाई बघायला येणार, कॉलनीतली पोरं मोडकी खेळणी आणणार, आणि हे तिघं खांद्याशी.

तिने काडी खाली ठेवली. "साहेब, राग मानू नका. कोणी बघत असलं की मला नाही जमत."

साहेबांचा चेहरा उतरला. तो बघून तिला कसंसं झालं. शेजारी बसायला मिळावं म्हणून माणूस किती लांबून आला होता. पण तिने शब्द मागे घेतला नाही. "शेवटचं झाकण तुम्ही बसवा. इंजिनावरचं. तेवढं तुमच्यासाठी ठेवते. बाकीची मी एकटी करते."

"हात लावू द्याल?" साहेबांनी इतक्या हळू विचारलं की गोरक्षने दुसरीकडे बघितलं.

"लावा की. तोवर सगळ्यांनी जरा गॅलरीत बसा."

"उन्हात?" मालनबाई म्हणाल्या.

"लसूण घेऊन जा. हवा असते तिथं."

वाळत घातलेल्या चादरीखाली एका स्टुलावर मालनबाई बसल्या. साहेब आणि गोरक्ष कठड्याला टेकून उभे राहिले, बसची वाट बघितल्यासारखे. आत मीनाने पहिला तुकडा उचलून उजेडात धरला. कड घासली. काडीवर थेंब अर्धाच आला.

"किती येळ लागंल रं?" बाहेरून मालनबाईंचा आवाज आला.

"सुकायला वेळ लागतो, आई."

"लागू दे," गायधनी साहेब म्हणाले. "आम्हाला काय घाई आहे!"

गॅलरीचं दार तिने आतून लावून घेतलं होतं, हे अजून तिघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.