डावीकडं घेतलं असतं तर

सुषमानं कॉम्प्युटर घरी आणला तो शंभूनं टायपिंग शिकावं म्हणून. ती शिक्रापूरच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. तिथं जुने कॉम्प्युटर काढून नवे बसवले, तेव्हा तिनं धीर करून साहेबांना विचारलं आणि त्यांनी एक देऊन टाकला. मॉनिटर मांडीवर सांभाळत ती टमटममधून खोलीवर आली, तेव्हा शंभू खाटेवर पाठीला उशी लावून बसला होता.

"ह्ये काय आनलंस?"

"शिका. टायपिंग आलं तर बसल्या जागी काम मिळतंय म्हनत्यात."

"ड्रायवरानं टायपिंग करायचं व्हय?" म्हणून त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

शंभूचे पाय गेले त्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. घोडनदीच्या पात्रातून वाळू भरून तो इनामगावच्या बाजूनं वर चढत होता. निम्म्या चढावर गाडीनं दम सोडला आणि ती मागं घरंगळायला लागली. ब्रेक लागेना. दरडीला टेकली तर थांबेल म्हणून शंभूनं स्टेअरिंग उजवीकडं ओढलं. दरड ढासळली, ट्रक आडवा झाला. गाडीवरचा क्लीनर माउली तेवढ्यात उडी टाकून सुटला. शंभूचा मणका मोडला. आणि वर वाळूवर बसलेले हौसराव मामा वाळूखाली गेले, ते जिवंत निघाले नाहीत.

हौसरावांनीच शंभूला वाढवलं होतं. आईबाप गेल्यावर या मामानं त्याला मेंढरांमागं खांद्यावर घेऊन हिंडवलं, पुढं मेंढरं विकून जमीन कसायला घेतली तेव्हा त्याच्या हातात ट्रॅक्टर दिला, आणि "पोराचा हात बसलाय गाडीवर" असं साऱ्या गावाला सांगितलं. मामांच्या मातीला शंभूला जाता आलं नाही. तो पुण्याच्या दवाखान्यात होता. परत आल्यावर तो मामांबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. सुषमानंही कधी विषय काढला नाही.

टायपिंगचं पुस्तक तसंच पडून राहिलं. मग एके दिवशी नगरहून माल घेऊन निघालेला माउली वाटेत थांबला. आता तोच ड्रायव्हर झाला होता. शिरूरच्या दुकानातून त्यानं एक सीडी आणली होती.

"दादा, ट्रकचा खेळ हाय. बघ तर."

पडद्यावर जंगल आलं, डोंगर आला, आणि भल्यामोठ्या चाकांचा एक निळा ट्रक. रस्ता असा नव्हताच. चिखल, दगड, ओढे, त्यातनंच शर्यत. माउलीनं बटणं दाबली तसा ट्रक उधळला. टेकाडावरून हवेत गेला, दोन कोलांट्या खाऊन उताणा पडला. माउलीनं एक बटण दाबलं. ट्रक पुन्हा चाकांवर उभा!

"आरं, नीट चालीव की!" शंभू खाटेवरून ओरडला. "चिखलात येवढी रेस देतोस? चाकं जागेवर फिरत्यात, दिसत न्हाई तुला?"

"दादा, खेळ हाय. मजा करायची."

"सरक तिकडं."

त्यानं कीबोर्ड मांडीवर ओढून घेतला. पहिल्या झटक्यात ट्रक झाडावर नेऊन आदळला, बॉनेट चेपलं. दुसऱ्यांदा ओढ्यात बसला. तिसऱ्यांदा मात्र त्यानं बेतानं रेस दिली, चाकं धरेपर्यंत थांबला आणि ट्रक घोगऱ्या आवाजात चिखलातनं वर निघाला. शंभू हसला. गॅसपाशी चहा ढवळणाऱ्या सुषमाला आधी कळलंच नाही हा आवाज कुणाचा. कळलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला आणि चहा उतू गेला.

तिथून पुढं काही महिने त्या खोलीत बरे गेले. सुषमा कंपनीतून आली की शंभू दिवसभराच्या हकिकती सांगे, जणू तो खरोखर गाडी घेऊन गेला होता. कुठल्या वळणावर माती सैल आहे, कुठं पाणी खोल आहे. शर्यतीत तो कायम शेवटचा यायचा.

"आवो, सगळ्यांच्या मागं कसं तुम्ही?"

"त्ये गाडीचा सत्यानाश करत्यात. गाडी घरी आली पायजे, सुषमा. पहिलं येऊन काय करायचंय?"

कधी तो तिला शेजारी बसवून बटणं तिच्या हातात देई. ती ट्रक सरळ दरीत नेई. दोघं पोट धरून हसत. लग्नानंतर एकदाच त्यानं तिला ट्रकमध्ये शेजारी बसवून दौंडपर्यंत नेलं होतं. वाटेत वरवंडला थांबून कलिंगड खाल्लं होतं. हसता हसता तिला ते आठवे आणि बरं वाटे. शेजारीपाजारी येऊन बघत, म्हणत, "अगदी खऱ्यासारखं हाय की!" शंभू मान हलवी. "गिअर न्हाई, क्लच न्हाई. पन चाकाला माती कशी धरती, त्ये बरुबर दावलंय."

दिवाळीच्या सुमाराला त्याच्या हकिकती बंद झाल्या. तो खेळायचा, पण बोलायचा नाही. सुषमा आली की पडदा बंद करायचा. तिला वाटलं, कंटाळला असेल. मग एका दुपारी पहिली पाळी संपवून ती जरा लवकर घरी आली आणि दारातच थांबली.

शर्यत चालू नव्हती. खेळात नुसतं हिंडायचीही सोय होती. शंभूनं ट्रक एका लालसर चढावर नेऊन उभा केला होता. उजव्या अंगाला उंच दरड, डाव्या अंगाला मोकळं, खाली पाणी. निम्म्या चढावर त्यानं हात काढून घेतला. ट्रक मागं घरंगळायला लागला. त्यानं तो दरडीवर घेतला. ट्रक आडवा झाला. बटण दाबलं, उभा केला, पुन्हा वर नेला. पुन्हा हात सोडला. पुन्हा आडवा.

सुषमा पिशवी घेऊन हळूच आत आली. तो काय करतोय हे तिला सांगायला लागलं नाही. किती दिवस हे चाललं असेल, एवढंच तिच्या मनात आलं.

मग त्यानं ट्रक डावीकडं घेतला. चाकं उतारावरून घसरली, मागची बाजू फिरली, ट्रक डगमगला. आणि खाली वाळूत, पाण्याच्या काठाला, चारी चाकांवर उभा राहिला.

खोलीत नुसता इंजिनाचा आवाज.

"वाचला असता," शंभू म्हणाला. ती मागं उभी आहे हे त्याला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. "डावीकडं घेतलं असतं तर मामा वाचला असता."

तिनं पिशवी टाकली आणि त्याच्यापाशी गेली. "आवो, खेळ हाय त्यो. खोटं हाय समदं. त्या ट्रकात वाळू कुठंय? तुमच्या गाडीत वाळू भरल्याली, वलीगार. वझ्यानं तिकडंबी पडली असती."

"न्हाई पडली."

"ही पडली न्हाई. ती पडली असती."

"येवढे दिस म्या म्हनत हुतो, दुसरं करन्यासारखं कायच नव्हतं," तो म्हणाला. "त्याच्यावरच जगत हुतो." मग तो दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. दवाखान्यात रडला नव्हता, पाय गेले सांगितलं तेव्हा रडला नव्हता. सुषमा त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. पडद्यावरचा ट्रक गुरगुरत राहिला. तो कसा बंद करायचा ते तिला येत नव्हतं.

त्यानंतर शंभूनं अन्न टाकलं म्हटलं तरी चालेल. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, बोलायचा नाही. सुषमाचं पॅकिंगवर लक्ष लागेना. शेवटी तिनं माउलीला एसटीडी बूथवरून फोन केला. तो येणार त्या दिवशी ती हायवेला जाऊनच थांबली.

"भावजी, तुमी हुता तिथं. डावीकडं काय हुतं?"

माउलीनं मान खाली घातली. "काय नव्हतं वैनी. मोकळंच हुतं."

ट्रकांची रांग धूळ उडवत गेली. सुषमानं ती जाऊ दिली. मग म्हणाली, "बायका हुत्या म्हना. वाळू चाळनाऱ्या. डावीकडं घेतली असती तर त्यांच्या अंगावर गेली असती, असं सांगा त्यास्नी."

"वैनी..."

"येवढं करा माझ्यासाठी."

माउली खोलीवर आला. चहा झाला. शंभूनं त्याच्याकडं बघितलं आणि जे विचारायचं तेच विचारलं. माउलीनं कपातच बघत सांगितलं, "चाळनवाल्या बायका हुत्या की दादा. चारपाच जनी हुत्या. तू म्हनूनच उजवीकडं घेतलीस. तुझ्या ध्यानात न्हाई, डोक्याला मार लागल्याला."

शंभूनं मान हलवली. "आसंल," म्हणाला. त्या दिवशी तो एक भाकरी जेवला. सुषमाला वाटलं, सुटलो.

सकाळी ती त्याचं अंग पुसत होती. तो छताकडं बघत सहज म्हणावं तसं म्हणाला, "त्या दिवशी गावची जत्रा हुती. एकबी बाई कामावर आली नव्हती. त्याच्यापायी तर मामा खोरं घिऊन माझ्यासंगं आला."

सुषमाचा हात थांबला.

"माउलीच्या ध्यानात ऱ्हायलं नसंल," शंभू म्हणाला. मग तिच्या मनगटावर हात ठेवला. "कुनी का सांगितलं आसंना, माझ्यासाठीच सांगितलंय. पुस तू."

संक्रांतीनंतर धुरपदा मामी आल्या. मामा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच शिक्रापूरला येत होत्या. हरभऱ्याची भाजी, तिळाच्या पोळ्या आणि शंभूसाठी लोकरीची घोंगडी घेऊन आल्या. त्याचे पाय घोंगडीखाली नीट झाकले, तळव्यांवरून हात फिरवला. तळव्यांना काही कळत नव्हतं, तरी फिरवत राहिल्या.

"शंभू," त्या म्हणाल्या, "येक इचारू का? रागाला येऊ नको. लोक काय बी बोलत्यात. गाडी दुसरीकडं वळवता आली नसती का रं?"

सुषमा परातीत पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही. आता हा खरं बोलणार, आणि म्हातारी उरलेला जन्म त्या एका वळणाकडं बघत काढणार, असं तिला वाटलं.

"डावीकडं बायका हुत्या, मामी," शंभू म्हणाला. आवाज हलला नाही. "वाळू चाळत हुत्या. त्यांच्या अंगावर गेली असती. मामानंच वरनं वरडून सांगितलं, 'शंभ्या, बायका हायत, उजवीकडं घे.' मंग म्या घेतली."

मामींनी त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "चांगलं केलंस बाबा. त्ये तसंच वरडले असतील. दुसऱ्याचा जीव जाऊ दिनारं मानूस नव्हतंच त्ये."

दुपारच्या एसटीला सुषमा त्यांना सोडायला गेली. थांब्यावर गर्दी होती. मामींनी तिला जरा बाजूला घेतलं.

"त्या दिशी बायका नव्हत्या, सुषमा. जत्रा हुती. म्याच भाकरी बांधून दिली, म्हनलं, पोरं दोघंच भरत्यात, जावा."

सुषमानं त्यांची पिशवी आपल्या हातात घेतली.

"म्या इचारायलाच नगं हुतं," मामी म्हणाल्या. "इचारून बसले. त्येला कळू दिऊ नको. मामीला पटलं म्हनावं. त्येला बरं वाटूंदे."

एसटी आली. मामी गर्दीतून चढल्या, खिडकीशी जागा मिळाली. त्यांनी एकदा हात केला आणि गाडी सुटल्यावर पदरात तोंड घातलं.

सुषमा परत आली तेव्हा शंभू वाट बघत होता. "मामी काय म्हनली गं जाताना?"

"काय न्हाई. बरं वाटलं म्हनल्या. आता मन हालकं झालं म्हनल्या."

"पटलं ना तिला?"

"पटलं."

त्यानं डोळे मिटून घेतले. बऱ्याच महिन्यांत त्याच्या कपाळावरची शीर अशी सैल पडलेली तिनं पाहिली नव्हती. ती मोरीत गेली, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाखाली मनसोक्त रडून घेतलं.