मानाचा फोन

फोन जोडायचे ठरले आणि भांडण लागलं ते मानावरून.

दूध संघाचं हेड ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीला आणि शाखा तीन, राधानगरी, गडमुडशिंगी आणि मुरगूड. आजवर ज्याचा फोन त्याच्या टेबलावर वाजायचा. चेअरमन यशराजदादा एकदा पुण्याला गेले, तिथं एका नंबरावर अख्खी बँक बोलते हे बघून आले आणि त्यांची झोप उडाली. आपलाही एकच नंबर पाहिजे. शेतकऱ्यानं कुठनंबी लावावा, फोनानं आपलं आपण योग्य माणूस हुडकावा. मग पुण्याच्या कंपनीचा मोहित नावाचा इंजिनिअर आला. त्यानं शाहूपुरीच्या भिंतीला काळी पेटी ठोकली, चारी ऑफिसं एका माळेत ओवली आणि बैठकीत सांगितलं, दूध संकलनाला एक दाबायचं, पेंडीला दोन, जनावरांच्या डॉक्टरला तीन. एक म्हणजे राधानगरी, दोन म्हणजे गडमुडशिंगीचं गोदाम, तीन म्हणजे मुरगूड.

गडमुडशिंगीच्या डायरेक्टरांनी विचारलं, आम्ही दुसरं कशापायी? मुरगूडच्या डायरेक्टरांनी तर खुर्चीच मागं सारली. तीन नंबर म्हणजे प्रसाद सरल्यावर देवळात गेल्यासारखं. हमरीतुमरी झाली, कुणाच्या तरी आजोबांचा उद्धार झाला. शेवटी यशराजदादांनीच तोडगा काढला. जत्रेत पालखीचा मान जसा फिरतो तसा फोनचा मान फिरणार. ज्या महिन्यात ज्या शाखेचा मान, त्या महिन्यात प्रत्येक फोन आधी तिथंच जाणार. तिथनं पुढच्या शाखेला, तिथनं त्याच्या पुढच्या. शेतकऱ्यानं कायबी दाबायचं नाही. चिठ्ठ्या टाकल्या. पहिला मान राधानगरीला, मग गडमुडशिंगी, मग मुरगूड.

मोहितनं हळू आवाजात सांगून बघितलं, की सर, असं जगात कुठं करत नाहीत.

"जगात पालखी तरी कुठं हाय?" दादा म्हणाले, आणि बैठक संपली.

मुरगूडचा डॉक्टर अमरसिंह त्या बैठकीला होता. आपल्याकडं फोन तीन दारं फिरून येणार हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पण पुढ्यातली भजी गार होत होती आणि सगळ्यांचे हात वर गेले होते. त्यानंही हात वर केला.

माणूस वाईट नव्हता. जनावराला त्याचा हात लागला की जनावर शांत व्हायचं. संघानं दिलेला मोबाईल रात्रंदिवस वाजायचा, तो शिव्या घालत उठायचा, पण जायचा. आता त्या मोबाईलचा नंबरही काळ्या पेटीला जोडला गेला. त्याच्यावर कुणी लावला तरी फोन आधी शाहूपुरीत जाणार आणि तिथनं मानानं फिरणार. वर दादांचं फर्मान निघालं, फोनवर नोंद नसंल तर डॉक्टरनं जनावराला हात लावायचा नाही आणि जीप हलवायची नाही.

फोन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी अमरसिंह तानाबाईच्या गोठ्यात गेला होता. नदीपल्याडच्या वस्तीवर तिचं घर. नवरा वारलेला, पोरगी मोना कोल्हापुरात नर्सिंग शिकत होती, आणि पोरीची मेस, घरचं मीठमिरची, सगळं त्या एका म्हशीच्या कासेतनं निघत होतं. म्हैस गाभण होती, महिन्याभरात व्यायची होती. अमरसिंहानं कोपरापर्यंत हात घालून बघितलं. रेडकू आडवं वाटत होतं. मागच्या वेतालाही असंच झालं होतं आणि त्यानंच ते सरळ करून ओढून काढलं होतं.

"मावशी, कळा सुरू होऊन पाणमोट दिसली की लगेच फोन करायचा. अर्ध्या तासात येतो. हातानं सरळ होतंय, पण उशीर केला तर म्हैसबी जाईल."

"तुम्ही येताय म्हणल्यावर मला कशाचा घोर," तानाबाई म्हणाली.

त्याच्याकडं स्वतःचा एक फोन होता. तो नंबर फक्त बायकोला, तेजस्वीला ठाऊक. द्यावा का हिला, असं त्याच्या मनात आलंही. पण एकीला नंबर दिला की अख्ख्या तालुक्याला जातो. नव्या व्यवस्थेनं तरी जरा निवांत जेवायला मिळंल, हा विचार त्या वेळी फार गोड वाटला. त्यानं नंबर दिला नाही.

आणि मग निवांतपणा आला तो असा आला की अमरसिंह दचकला. टेबलावरचा नवा फोन वाजेचना. पहिल्या दिवशी त्यानं चारपाचदा रिसीव्हर उचलून कानाला लावला. आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी मोहितला विचारलं. मोहित म्हणाला, लाइन एकदम क्लिअर आहे डॉक्टर, फोन येत नाही म्हणजे तक्रार नाही. हे ऐकायला बरं वाटलं. आठवड्यानं अमरसिंह पेपरातल्या वधूवर सूचक जाहिराती वाचायला लागला. त्याच्या पुढच्या आठवड्यात दुपारची डुलकी सुरू झाली. एकदा खिडकीतनं एक माणूस दिसला. बगलेत शेळी, कानाला फोन, आणि वऱ्हांड्यात उभा राहून कुणाशी तरी तावातावानं बोलत होता. असंल बायकोशी भांडण, म्हणून अमरसिंहानं मान फिरवली. थोड्या वेळानं माणूस शेळी घेऊन निघून गेला.

त्या माणसानं लावलेला फोन काचेपलीकडच्या डॉक्टरलाच होता. पण तो फोन आधी राधानगरीला गेला होता. राधानगरीच्या क्लार्क संयोगिताताई मानाप्रमाणे नाव, गाव, घरचं बरं हाय का विचारून फोन गडमुडशिंगीला सोडायच्या. तिथं गोदामात आकारामतात्या. तात्यांचं एक तत्त्व होतं. दारात आलेला पावणा रिकाम्या हातानं लावून द्यायचा नाही. फोन काय नि पावणा काय, एकच. जनावर आजारी हाय म्हणलं की तात्या म्हणायचे, खाणं कमी पडतंय त्याला. आणि दोन पोती पेंड लिहून घेऊन रिसीव्हर ठेवायचे. पुढं मुरगूडला फोन सोडायचं एक बटण असतं हे मोहितनं त्यांना दाखवलं होतं. पण आपल्या घरनं उठवून दुसऱ्याच्या दारात पावणा पाठवायचा, हे तात्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. शेळीवाल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी पेंड पोचली. शेळी नव्हती.

महिना भरत आला तसा शाहूपुरीत कागद निघाला. पेंडीचा खप दुप्पट, आणि मुरगूड शाखेत आजारी जनावरं शून्य. यशराजदादा हरखले. एवढ्या वर्षांत जे औषधांनी झालं नाही ते फोनानं झालं. मुरगूडला जाहीर कार्यक्रम ठरला, डॉक्टरांना आदर्श पशुवैद्य म्हणून फेटा बांधायचा आणि कोल्हापूरला बढती द्यायची. बातमी ऐकून तेजस्वीनं कोल्हापुरातल्या शाळांची चौकशीसुद्धा सुरू केली.

महिन्याभरात एका तालुक्यातलं एकबी जनावर आजारी पडत नाही, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. अमरसिंहाला ते कळत होतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याला तानाबाईची म्हैस आठवली. दिवस भरले असणार. जाऊन यावं म्हणून तो उठला. जीप मांडवाच्या खुर्च्या आणायला गेली होती, आणि नोंद तर नव्हतीच. तो परत बसला. फोन आला नाही म्हणजे अजून व्याली नसंल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मोहितकडनं शिकलेलं वाक्य होतं, कामाला आलं.

कार्यक्रमाला गर्दी पाहिजे म्हणून संघाचे दुधाचे टेम्पो वस्त्यावस्त्यांवर फिरले आणि हाताला लागंल तो गडी भरून आणला. तानाबाईच्या वस्तीवरचा पिराजी आपल्या मोटरसायकलवर आणि त्याची भावकी टेम्पोतनं, सगळी येऊन मांडवात बसली. नाष्ट्याची पाकिटं वाटली. निवेदकानं सगळ्यांना मोबाईल बंद करायला लावले. स्टेजवर मधोमध टेबल, त्याच्यावर मखमल, आणि मखमलीवर मुरगूड शाखेचा तो फोन, हळदकुंकू लावून हार घातलेला. शाखेतनं लांब वायर ओढून आणली होती, म्हणजे जोडलेला फोन जोडलेलाच दिसावा.

दादांचं भाषण लांबलं. अमरसिंहाला फेटा बांधून झाला. बांधणाऱ्यानं जरा कचकून बांधला होता, कपाळ ठणकत होतं. आणि दादा म्हणत होते, या फोनचा आवाज डॉक्टरनी महिनाभर ऐकला न्हाय, ही मुरगूडच्या मातीची पुण्याई हाय, तेवढ्यात फोन वाजला.

मांडवानं टाळ्या वाजवल्या. काहींनी शिट्ट्या मारल्या. दादांचा चेहरा उजळला. त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं, माइक फोनच्या तोंडाशी धरला आणि म्हणाले, "बोला पावणं, अख्खं मुरगूड ऐकतंय."

"डॉक्टर हायत काय?" तानाबाईचा आवाज मांडवाच्या चारी कर्ण्यांतनं आला.

अमरसिंह पुढं झाला. फुलांच्या हारातनं रिसीव्हर निघेना, तसाच वाकून माइकवर म्हणाला, "मावशी, मी बोलतोय. पाणमोट दिसली काय? निघालोच."

"काल दिसलीती." आवाज अगदी सपाट होता. "आता तुम्ही येऊ नगासा. जेसीबी लावून द्या कुणाचातरी. म्हस लई जड हाय, आम्हा बायांच्यानं ओढवंना."

मांडवात पाकिटांचा आवाज थांबला. पिराजी उठून उभा राहिला. दादांनी माइक आपल्याकडं घेतला, घसा खाकरला आणि तानाबाईला समजावलं, की जेसीबी बांधकाम विभागाकडं येतो, तशी नोंद घेतली जाईल.

अमरसिंह स्टेजवरनं उतरला. जीपची चावी कुणाकडं ते विचारलं नाही. पिराजीच्या मोटरसायकलवर मागं बसला. नदीवरचा पूल ओलांडून दोघं वस्तीवर पोचले.

म्हैस गोठ्याच्या दारात आडवी पडली होती. मागं रेडकाचे दोन पाय बाहेर आलेले, बाकीचं आतच. अमरसिंहानं बाह्या वर केल्या, हात घालून बघितलं. गरज नव्हती, तरी बघितलं. आडवंच होतं. सरळ करायला दहा मिनिटं लागली असती.

शेजारची म्हातारी चिमणाबाई उंबऱ्यात बसली होती. तिनं त्याला वरनं खाली बघितलं.

"कुणाचं लगीन हुतं?" तिनं विचारलं.

फेटा अजून डोक्यावरच होता. तो काढता काढता हातावरचं म्हशीचं रक्त फेट्याला लागलं.

तानाबाईनं सगळं सांगितलं, न रडता, बाजारातनं काय आणलं सांगावं तसं. पाणमोट दिसल्यापासनं ती फोन लावत होती. एका हातानं म्हशीचं अंग चोळायची, दुसऱ्या हातात फोन. राधानगरीच्या ताईंनी दर वेळेला मोनाचं शिक्षण कसं चाललंय विचारलं. गडमुडशिंगीच्या तात्यांनी दर वेळेला दोन पोती पेंड लिहून घेतली. ती म्हणाली पेंड नको, डॉक्टर पायजे. ते म्हणाले, लाजू नका ताई, घर तुमचंच हाय. नोंदीशिवाय डॉक्टर येत नाहीत म्हणून काल कुणाला मुरगूडला धाडलं नाही, आणि सकाळी वस्तीवर गडी राहिला नाही, पिराजीचा फोन बंद. पुलापर्यंत पळत जावं तर म्हैस हंबरायची, म्हणून परत यायची. मग म्हैस हंबरायची थांबली. तानाबाईनं पुन्हा एकदा फोन लावला आणि तात्यांना सांगितलं, म्हस मेली. मेलेल्या म्हशीला पेंड काय करायची? तात्यांकडं त्या पावण्याला द्यायला काही उरलं नव्हतं. त्यांनी महिन्यात पहिल्यांदा ते बटण दाबलं.

टेम्पो परत आला तसे गडी उतरले. कुणाच्या खिशात पाकिटातला लाडू होता, कुणाच्या कपाळाला गुलाल. त्यांनी तशीच कुदळफावडी घेतली आणि बांधाच्या कडेला खड्डा काढायला लागले. अमरसिंहानंही फावडं घेतलं. त्याच्या हाताला फोड आले तेव्हा पिराजीनं ते काढून घेतलं, पण त्याच्याकडं बघितलं नाही.

माती लोटून झाल्यावर तानाबाईनं सगळ्यांना चहा दिला. कोरा.

"दूध न्हाय डॉक्टर," ती म्हणाली. "गोड मानून घ्या."

तो घोट घेत होता तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. तिनं घाईनं उचलला, जेसीबीवाला असंल तर आता नको म्हणून सांगायला. यशराजदादांचा रेकॉर्ड केलेला आवाज होता, तुपात तळल्यासारखा. आपला फोन संघापर्यंत पोचला आहे. आपल्या अडचणीचं निवारण झालेलं आहे. समाधानी असाल तर एक दाबा. नसाल तर दोन दाबा. आवाज थांबला आणि पुन्हा पहिल्यापासनं सुरू झाला.

तानाबाईनं फोन त्याच्यापुढं धरला. तिचे डोळे मिटायला आले होते.

"ह्यो गप कशानं हुतोय?"

अमरसिंहाला ठाऊक होतं. दोन दाबला तर फोन राधानगरीला जाणार, नाव, गाव, मोनाचं शिक्षण विचारणार, मग तात्यांकडं जाणार, आणि सगळं फिरून झालं की तक्रार मुरगूडच्या डॉक्टरच्या नावावर पडणार. एक दाबला की फोन तिथंच कट.

चहाचा कप त्याच्या हातात गार होत चालला होता.

"एक दाबा, मावशी," तो म्हणाला.

तिनं एक दाबला. दादांचा आवाज बंद झाला.

"झाला गप," तानाबाई म्हणाली, आणि त्याच्या हातातला कप घेऊन विसळायला गेली.