पोटात राहिलेलं पाणी

माझं बटण सध्या बंद आहे, त्यामुळे आवाज बारीक येईल. जरा जवळ या. बाकावरची गादी सरकवा, खालची फळी उचला. नळ्यांच्या गुंत्यात स्क्रूंनी जखडलेला मुठीएवढा काळा ठोकळा दिसतोय ना, तो मी. घरगाडीतला पाण्याचा पंप.

घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे पलंग, मध्ये शेगडी, बेसिन आणि एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढी न्हाणी. घर म्हटलं की पाणी आलंच. पलंगाखालच्या टाकीत ते भरून ठेवतात आणि टाकीतून नळापर्यंत मी ते ढकलतो. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो आणि मी सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि मी थांबतो. थांबतो म्हणजे काय, थांबल्यासारखं करतो. एखादा नळ नीट आवळला नाही, थेंबभर पाणी झिरपलं, की माझी झोपमोड होते आणि मी घुरघुरून उठतो. स्वस्थ बसणं माझ्या घडणीतच नाही.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमधला. कुणी माझ्या पोटात रबराचा पडदा बसवला, कुणी झाकण आवळलं, कुणी हौदावर धरून माझ्याकडून एक चूळ भरून घेतली आणि लगेच खोक्यात कोंबलं. पाण्याची चव कळते न कळते तोच अंधार. त्या खोक्यातले दिवस आठवायलाही नकोत.

त्यातून मला बाहेर काढलं ते एका निवृत्त बस ड्रायव्हरने. ही घरगाडी त्यांनी जुनीच घेतली होती आणि तिचा आधीचा पंप गतप्राण झाला होता. मला बसवताना ते बाकाशेजारी पालथे पडून बायकोला सांगत होते, "जन्मभर लोकांना त्यांच्या गावाला पोचवलं. आता गाडी मी म्हणेन तिथे थांबणार."

"तुम्ही म्हणाल तिथे?" त्या म्हणाल्या. "बरं. बघू या."

त्यांची नोकरी औषधांच्या दुकानात झालेली. बसशी त्यांचा संबंध तिकीट काढण्यापुरता. पण शेजारी बसून 'इथे वळा', 'पुढे नको', 'तो ट्रक आधी जाऊ द्या' हे इतकं चाले, की ड्रायव्हरांनी त्यांना कंडक्टर करून टाकलं. त्याही कधी लाडात, कधी रागात त्यांना 'ड्रायव्हरसाहेब' म्हणत. कुठल्या स्वरात म्हणाल्या, त्यावरून जेवणाच्या वेळची हवा मला कळायची.

गावाबाहेर झाडांच्या कडेला अशा गाड्या ठेवायचं एक आवार आहे. तिथे ही गाडी उभी असते. दोघं अधूनमधून यायची, कधी गाडी घेऊन हिंडायची, कधी आहे तिथेच मुक्काम करायची आणि घरी परतायची. मधले दिवस गाडी एकटी. माणूस नसलेल्या घरात पाणी साठून राहणं वाईट. उन्हाळ्यात ते कुजतं. थंडीत गोठतं, गोठताना फुगतं आणि नळ्या, सांधे, माझ्यासारखे जीव, सगळ्यांना आतून फोडतं. म्हणून निघण्याआधी गाडीतलं पाणी काढून टाकायचं, हा या घराचा नेमच होता.

ते काम दोघांत वाटलेलं होतं. कंडक्टरबाई माझं बटण बंद करायच्या, आतले सगळे नळ उघडायच्या, गरम आणि गार दोन्ही, आणि मोठा चमचा घेऊन जमिनीवर दोनदा ठोकायच्या. बसमध्ये दोन घंटा म्हणजे 'चला', तसं. ड्रायव्हर तेव्हा गाडीखाली उताणे पडलेले असायचे. ठोके ऐकले की ते खाली काहीतरी फिरवायचे आणि पाणी भसाभसा खडीवर पडायचं. माझं पोट रिकामं व्हायचं. मला हलकं वाटायचं.

"काय चाललंय खाली? झोपलात की काय?" त्या वरून ओरडायच्या.

"कंडक्टरने गाडीत बसावं, इंजिनात डोकावू नये," खालून उत्तर यायचं.

एवढ्या वर्षांत त्या एकदाही खाली डोकावल्या नाहीत आणि ते एकदाही नळांपाशी आले नाहीत. ज्याचं त्याचं काम ज्याने त्याने चोख केलं. यात काही चुकतंय, असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

मग एकदा बराच काळ कुणीच आलं नाही. उन्हाळा पत्र्यावरून तापत गेला, पानगळ सुरू झाली. दार उघडलं तेव्हा पावलं दोन माणसांची होती, पण त्यांत ड्रायव्हरांची नव्हती. कंडक्टरबाईंबरोबर त्यांची लेक होती. कुणी काही सांगितलं नाही. सांगायला लागलंही नाही. पुढच्या सीटवरची त्यांची टोपी कंडक्टरबाईंनी उचलली, कुठे ठेवावी ते सुचेना, म्हणून पुन्हा तिथेच ठेवली.

टाकी भरली. दोघी राहिल्या. निघायच्या दिवशी सकाळी चहा पिताना लेक म्हणाली, "आई, एक बोलू? चिडणार नसशील तर."

"म्हणजे चिडण्यासारखंच आहे. बोल."

"ही गाडी काढून टाकू या. बाबा होते तोवर ठीक होतं. तुला एकटीला हे कसं झेपणार?"

"आणि आजवर मी काय नुसती खिडकीशी बसून शेंगा सोलत होते?"

"तसं नाही गं म्हणत मी."

"तसंच म्हणते आहेस." कप खाली ठेवल्याचा आवाज आला. "ऐक. ही थंडी जाऊ दे. तोवर मला सांभाळता आली तर गाडी राहील. नाही आली, काही फुटलं, बिघडलं, तर तूच गिऱ्हाईक शोध. मी हूं की चूं करणार नाही."

लेक सामान ठेवायला बाहेर गेली. कंडक्टरबाईंनी माझं बटण बंद केलं. सगळे नळ उघडले. नळांच्या तोंडाशी होतं तेवढं पाणी ओघळलं आणि थांबलं. नळी रिकामी झाली की पाणी असंच थांबतं, म्हणून त्यांना शंका आली नाही. मग त्यांनी चमचा घेतला, गुडघ्यावर बसल्या आणि दोनदा ठोकलं.

खाली कुणीच नव्हतं.

चमचा हातात धरून त्या थोडा वेळ तशाच बसल्या. सवयीने ठोकलं गेलं, हे कळून मन कुठेतरी गेलं असावं. पण आपल्या निम्म्या कामाला लागून आणखी निम्मं काम होतं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. चमचा खणात गेला. दाराला कुलूप लागलं. लेकीच्या मोटारीचा आवाज लांब गेला आणि मी भरल्या पोटाने अंधारात उरलो.

धीराच्या माणसाबद्दल लोक म्हणतात, याच्या पोटातलं पाणी हलत नाही. माझ्या पोटातलं पाणी हलत नव्हतं आणि माझा धीर सुटत चालला होता. बटण बंद, ओरडायचीही सोय नाही. पाण्याला आधी शेवाळाचा वास आला, मग सडक्या अंड्यासारखा. हवा गार होत गेली. बाहेर कुणाची पावलं वाजली की वाटायचं, आल्या. ती दुसऱ्याच गाडीकडे जायची. मी आपला मनातल्या मनात तपासत बसायचो: हा सांधा ठीक, तो सांधा ठीक, वाटी ठीक. टाकीतला केरकचरा अडवणारी प्लास्टिकची पारदर्शक वाटी माझ्या तोंडाशी असते. मग पुन्हा पहिल्यापासून.

एका पहाटे थंडीने दात रोवले. माझ्या पोटातलं पाणी दाटलं, अंग धरू लागलं. पडदा ताठला. आणि वाटीतून एक आवाज आला. टिच्. बस, एवढाच. ऊन वर आलं, पाणी पुन्हा सैल झालं. पण मला कळून चुकलं होतं. ही नुसती चुणूक. खरी लाट आली की आम्ही कुणी वाचत नाही. आणि आम्ही फुटलो, की त्या बाईंचा शब्द गेला. मग गिऱ्हाईक.

ती लाट यायच्या आदल्या दिवशी कुलूप वाजलं. कंडक्टरबाई एकट्याच आल्या होत्या. खिडक्यांना आतून जाड कापड लावायचं होतं, लेक कामावरून दुपारी येणार होती. आत आल्या आल्या सवयीचा हात भिंतीवरच्या बटणांवरून फिरला: दिवा, पंखा, पंप.

आणि सगळे नळ तर उघडेच!

मी असा सुटलो म्हणून सांगू! बेसिनमध्ये धार, न्हाणीच्या नळाला धार, वरच्या झारीतून पाऊस. उग्र वासाचं, हिरवट पाणी.

"अगंबाई! अगं अगं अगं..." कंडक्टरबाई या नळावरून त्या नळाकडे धावत सुटल्या. एक बंद करेपर्यंत दुसरा अंगावर. शेवटचा नळ बंद झाला तसा मी थांबलो. त्यांच्या बाह्या निथळत होत्या.

"हे पाणी आलं कुठून?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मी तर काढलं होतं."

मग त्या बाकावर येऊन बसल्या, अगदी माझ्या डोक्यावर. ओल्या बाह्या पिळल्या. आणि हलक्या आवाजात, शेजारच्या माणसाला विचारावं तसं म्हणाल्या, "अहो, तुम्ही खाली नेमकं काय करत होतात?"

उत्तर कोण देणार? मला ठाऊक होतं, पण मला जीभ नाही.

त्या उठल्या. जुना रेनकोट खडीवर पसरला आणि कण्हत, पुटपुटत गाडीखाली शिरल्या. तिथे टाकीची एक चावी आहे आणि दोन नळ्यांची तोंडं, एकाला लाल टोपण, एकाला निळं. चावी फिरवली. टाकीतलं पाणी धो धो गेलं. टोपणं हटवादी होती; रुमाल गुंडाळून, शिव्या म्हणता येणार नाहीत अशा शिव्या देत त्यांनी ती काढली. दोन्ही नळ्यांतून चूळभर पाणी पडलं आणि थांबलं.

"एवढंच?"

मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो, एवढंच नाही हो, सगळं वरच अडकलंय!

पण बाईंचं आयुष्य औषधांच्या दुकानात गेलेलं. औषध मोजायच्या काचेच्या नळीवर वरून बोट दाबून धरलं, की खालून थेंब पडत नाही. हे त्यांच्या बोटांना केव्हाचं ठाऊक होतं. गाडीखालून आवाज आला, "अस्सं! वरचे नळ बंद आहेत." आणि जरा थांबून, "म्हणून उघडायला लावायचे होय!"

त्या आत आल्या, पुन्हा सगळे नळ उघडले. खाली खडीवर पाणी पडायला लागलं. त्या बेसिनला धरून ते ऐकत उभ्या राहिल्या.

"मला वाटायचं, मला बरं वाटावं म्हणून काढलेलं काम आहे ते," त्या म्हणाल्या. हसल्या. हसू अर्ध्यावरच राहिलं.

तेवढ्यात लेक आली. "आई! हा काय अवतार? आणि कसला वास येतोय?"

"गाडीखाली गेले होते."

"गाडीखाली? या वयात? काही झालं असतं म्हणजे?"

"झालं असतं तर तू आलीच होतीस ओढून काढायला." मग त्यांचा आवाज उतरला. त्यांना ते झाकता आलं असतं. खाली खडी तर केव्हाच ओली झाली होती, कुणाला काय कळणार होतं? "ऐक, ठरल्याप्रमाणे सांगते. मला नाही जमलं. मागच्या वेळी पाणी तसंच ठेवून गेले. नशीब म्हणून उभं आहे सगळं. तू गिऱ्हाईक शोधायचं म्हणालीस तर मी आड येणार नाही."

बाहेर पाणी आता ठिबकत होतं.

"बाबांनी तुला कधी दाखवलंच नाही?"

"मी कधी विचारलंच नाही. त्यांनी तरी मला कुठे विचारलं, आत काय करतेस म्हणून?"

लेक दारात बसली. पिशवी बाजूला ठेवली. आणि म्हणाली, "गरम पाण्याच्या टाकीचं काय? तिचं पाणी कुठून जातं?"

कंडक्टरबाईंनी ओले हात पुसले. "देवालाच ठाऊक. शोधायला लागेल."

"मग ऊठ. अंधार पडायच्या आत शोधू. आणि खाली मी जाते, तू वरून सांग."

बाहेरच्या बाजूला एक झडप आहे, तिच्याआड त्या टाकीचं बूच. ते सापडेपर्यंत दोघींचं दोनदा भांडण झालं. बूच निघालं तेव्हा लेकीचे बूट भिजले, आणि या गाडीत पुष्कळ दिवसांनी दोन माणसं एकदम हसली.

शेवटी माझी पाळी. पोटातला उरलेला घोट बाहेर पडावा म्हणून कंडक्टरबाईंनी मला क्षणभर चालू केलं. पाणी असलं की मी घुमतो, संपलं की खडखडतो. त्यांनी फळीला कान लावला, खडखड ऐकली आणि बटण बंद केलं. मग फळी उचलून दिव्याच्या उजेडात मला पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "वाटी तडकली आहे."

"मिळेल दुसरी?"

"नमुना दाखवला की मिळेल." त्यांनी वाटी सोडवली, पुसली, रुमालात गुंडाळली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली.

गाडीचं काय ठरलं, ते दोघींपैकी कुणी बोललं नाही. तुम्ही विचाराल, तर मलाही ठाऊक नाही. ती लाट आली आणि गेली. बाहेर सगळं पांढरं झालं होतं. मी रिकामा होतो, म्हणून आज बोलतोय.

एकच मागणं आहे. तुमच्या घरात जी कामं दोघांत वाटलेली आहेत, त्यातलं दुसऱ्याचं निम्मं एकदा विचारून ठेवा. विचारायला माणूस आहे तोवर. उगाच सहज म्हणून विचारा, वाटलं तर चेष्टेत विचारा.

बाकी, वाटीवाचून माझं तोंड उघडं पडलंय आणि गार वारा सरळ पोटात शिरतो. स्वस्थता नाहीच. पण पूर्वीची धास्ती वेगळी होती. आता माझा एक तुकडा त्या बाईंच्या पर्समध्ये आहे. बाजारात जाताना, पाकीट काढताना, चष्मा शोधताना तो त्यांच्या हाताला लागत असेल.