भिंगकाकांचा नवा चष्मा

घसा खवखवणारा माणूस दोनच गोष्टी सांगतो. एक, "रात्री पंख्याखाली झोपलो होतो." दुसरी, "काही नाही हो, मी लस घेतलीय." आपल्या गोष्टीतल्या चष्मेवाल्याने त्या सकाळी दोन्ही सांगितल्या, आणि त्याही बायकोला. बायको इस्पितळात नर्स!

"कपाटात तपासणीचं किट पडलंय," ती म्हणाली. "पंधरा मिनिटांचं काम. विषाणू बदललाय हो. लस घेतलेलेही येताहेत आमच्या वॉर्डात."

"मग लस घेतली कशाला?"

"जीव वाचावा म्हणून! विषाणू अंगात शिरणारच नाही, असं कोणी लिहून दिलं होतं?"

"तीन डोस, बाईसाहेब. तीन!" त्याने तीन बोटं नाचवली, डबा उचलला आणि तो दुकानात गेला.

माणूस वाईट नव्हता. उलट, जमेची बाजू भरभक्कम. बावीस वर्षं लोकांचे डोळे तपासत होता आणि जुना चष्मा घालून आलेल्या प्रत्येकाला झापत होता. "चष्मा आहे म्हणता? कधीचा? डोळे बदलतात साहेब, काच बदलत नाही. जुन्या नंबरावर विसंबलात तर एक दिवस पायरी चुकाल!" हे ऐकून शाळेच्या मुख्याध्यापिकाही वरमल्या होत्या. सासूबाईंनाही त्याने सोडलं नव्हतं. त्यांनी मात्र ते अजून मनात ठेवलंय. दुसऱ्याच्या नाकावरचं नेमकं टिपणारी नजर स्वतःच्या नाकाला वळसा घालून जाते, ती अशी.

दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगकाका काचा घासायचे. वय अडुसष्ट. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, पण काच फ्रेममध्ये अशी बसवायचे की नख शिरणार नाही. संधिवाताच्या गोळ्यांनी शरीराची लढण्याची ताकद कमी होते, लसही अशा अंगात पुरती मुरत नाही, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. म्हणून काका खिडकीपाशी बसायचे आणि दिवसभर मास्क लावायचे. चष्मेवाला म्हणायचा, "काका, तुमचं तोंड कसं होतं ते विसरलो मी." काका म्हणायचे, "चांगलं होतं. तू फार काही गमावलं नाहीस."

रविवारी काका मुलीकडे जाणार होते. नात झाली होती, दीड महिन्याची. "फोनवर नुसता धुरकट गोळा दिसतो रे," ते म्हणाले. "डोळे कोणाचे घेतलेत तेवढं बघायचंय."

"आणि हा पाच वर्षांचा चष्मा घालून बघणार? शोभतं का आपल्या दुकानाला? बसा खुर्चीत. नवा चष्मा माझ्याकडून!"

तपासणीची खोली म्हणजे बिनखिडकीची अंधारी खोपटी. दार लावलं, दिवा मालवला, काकांच्या नाकावर तपासणीची गोल फ्रेम चढवली.

"काय दिसतंय?"

"धुकं."

"मास्कमुळे वाफ धरतेय काचेवर. काढा तो."

काका घुटमळले. "तुला खोकला येतोय ना रे?"

"अहो, पंख्याचा खोकला! मी लस घेतलीय, तुम्हीही घेतलीय. दोन्हीकडून तटबंदी. मधे कोण शिरणार?"

काका हसले आणि त्यांनी मास्क काढला. चष्मेवाल्याचा तर हनुवटीवरच लोंबत होता. पुढची चाळीस मिनिटं दोन नाकांमध्ये चार बोटांचं अंतर होतं. इतक्या मायेने त्याने कोणाचेच डोळे तपासले नव्हते. मंडळी, हे विसरू नका: तो त्या वेळी उपकारच करत होता.

तिसऱ्या दिवशी त्याला ताप आला. आता किट उघडलं. दोन रेघा! पाच दिवसांत तो उठून बसला आणि जेवण बेचव लागतं म्हणून कुरकुरू लागला. काका तेव्हा त्याच्या बायकोच्या वॉर्डात होते, प्राणवायूवर. नातीकडे जायचा रविवार हुकला होता.

"तुमच्या लसीने तिचं काम केलं," बायको म्हणाली. "तिच्यामुळे पाच दिवसांत उठलात. काकांच्या अंगात ती पुरती मुरलीच नव्हती. त्यांना आधार दोनच: तो मास्क, आणि आपण."

"मास्क मी काढायला लावला."

"हो," ती म्हणाली.

"गिऱ्हाइकांना काय सांगता हो तुम्ही? डोळे बदलतात, काच बदलत नाही. मग विषाणूच तेवढा जन्मभर तसाच राहील? जुनी लस नव्या रूपाला अर्धवट ओळखते. म्हणून पुढचा डोस वेळेवर घ्यायचा, खोकला आला की तपासायचं, घरी बसायचं. इतकंच तर सांगत होते मी!"

त्याने तयार झालेला नवा चष्मा तिच्या हातात दिला. दुसरं काय देणार?

तिने तो वॉर्डात काकांच्या नाकावर ठेवला आणि त्यांच्या मुलीला व्हिडिओ फोन लावून समोर धरला. पडद्यावर नात होती. पण प्राणवायूच्या मास्कमधून वाफ येत होती आणि काचांवर धरत होती. ती पुसायची, पुन्हा धरायची. हा मास्क काही काढता येत नव्हता.

"काय दिसतंय काका?" तिने विचारलं.

"धुकं," काका म्हणाले.

सतराव्या दिवशी ते गेले. डोळे कोणाचे घेतलेत, ते त्यांना कळलं नाही.

आता त्या अंधाऱ्या खोलीला भिंत फोडून खिडकी केलीय. तपासणीपुरता पडदा ओढतात, खिडकीच्या काचा मात्र उघड्याच असतात. चष्मेवाल्याला शिंक आली तर त्या दिवशी दुकान बंद. परवा एक गृहस्थ खोकत आले. आत या म्हणायच्या आधीच त्यांनी छातीला हात लावला, "घाबरू नका हो, मी लस घेतलीय!"

"मीही घेतली होती," चष्मेवाला म्हणाला. त्याने त्यांना एक मास्क दिला आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

तेव्हा मंडळी, लस जरूर घ्या. ती आपल्याला वाचवते. पण समोरच्याला आपल्यापासून वाचवायचं काम ती एकटी करू शकत नाही. तेवढं आपल्याकडेच राहतं.

तो चष्मा दुकानाच्या खणात आहे. काच स्वच्छ आहे, फ्रेम नवी आहे. तो नंबर दुसऱ्या कोणालाच लागत नाही.